वाढवलेला पाटा

फियाटच्या मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा जादा आहे, हे मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली त्याच दिवशी सांगितलं. कंपनीचे पाटे एका घडणीचे, एका जाडीचे. हा मात्र जाडजूड, कडेला हातानं कापलेला, कुठल्यातरी ट्रकच्या कमानीतून काढून, भट्टीत घालून वाकवलेला. "वजन काय टाकत हुता ओ ह्यात?" त्यांनी विचारलं. "चार मानसांसाठी असला पाटा कोन घालत न्हाई."

वजन सिनेमाचं होतं.

आमचे वडील, आप्पा, चित्रपटांच्या प्रिंटा पोचवायचे. मुंबईच्या वितरकांचे ते आमच्या भागातले प्रतिनिधी. पूर्ण लांबीच्या एका चित्रपटाची चौदा-सोळा रिळं व्हायची. प्रत्येक रीळ पत्र्याच्या गोल डब्यात आणि ते डबे लोखंडी पेटीत. अशा दोन-तीन चित्रपटांच्या पेट्या डिकीत आणि मागच्या सीटवर घालून ते कोल्हापूरहून निघायचे. सेवागिरी महाराजांची पुसेगावची यात्रा, पालचा खंडोबा, जिथे जिथे जत्रेत तंबू लागायचे तिथे त्यांची फियाट पोचायची. गर्दी फार झाली की एकाच प्रिंटवर दोन तंबू चालायचे. पहिल्या तंबूत संपलेलं रीळ घेऊन माणूस दुसऱ्या तंबूकडे पळायचा आणि अंतर जास्त असेल तर आप्पा गाडीतून न्यायचे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा त्या मोसमात ते घरी फक्त कपडे बदलायला येत, असं मला आठवतं. बायका गावोगावहून बैलगाड्या, ट्रॅक्टर करून यायच्या आणि प्रिंट पोचायला उशीर झाला तर तंबूवाल्याची धडगत नसायची.

गाडी १९६८ची, फियाट ११०० डिलाइट. घडलेली मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. ही कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. मूळचे सोलापूरचे हे उद्योगपती साखर, जहाजं, विमानं असं सगळं हाताळून मोटारीकडे आले होते. इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्यात ११०० बनू लागली. तिच्या पहिल्या गोलमटोल नाकाच्या अवताराला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत. डिलाइट ही त्यानंतरची, सरळ रेषांची आणि मागे किंचित शेपट्या उचललेली. पुढे हिचीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४च्या सुमारास 'पद्मिनी'. आप्पांनी ती १९७६ साली सांगलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्या काळात नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून चांगल्या जुन्या गाडीलाही नव्याच्या जवळपास भाव यायचा. आप्पांनी आजीचं सोनं मोडून ती आणली. जादा पाटा त्याच्या पुढच्या वर्षी चढला. पेट्यांनी गाडीची मागची बाजू रस्त्याला टेकायला लागली, तेव्हा कऱ्हाडला एका लोहाराकडून तो बसवून घेतला. वजन असलं की गाडी सरळ उभी राही. रिकामी असली की पार्श्वभाग उचलून, खडीच्या रस्त्यावर उड्या मारत चाले.

या कामात आईचा वाटा किती होता, हे आम्हा मुलांना नीट ठाऊक नव्हतं. जत्रेतून परत आलेली प्रिंट क्वचितच धड असायची. छिद्रं फाटलेली, मधेच तुटलेली, घाईत कुणीतरी चिकटपट्टी लावून जोडलेली. आई शाहूपुरीतल्या आमच्या पुढच्या खोलीत हातानं फिरवायच्या चरख्यावर रीळ चढवून ती सबंध हाताखालून घालवायची. खराब झालेल्या चौकटी कात्रीनं काढायच्या, टोकावरचा मुलामा ब्लेडनं खरवडायचा, त्यावर फिल्म सिमेंटचा ब्रशनं एक पातळ हात, मग दाबून धरायचं. सगळ्या घराला त्या सिमेंटचा उग्र वास असे. प्रत्येक जोडात दोन-तीन चौकटी जात. कुठल्या चित्रपटाच्या कुठल्या रिळात किती चौकटी गेल्या याची तिनं वही ठेवली होती. आम्हाला वाटायचं, आई आप्पांना मदत करते.

आप्पा २००९ साली गेले. त्याआधीच प्रिंटांचं काम संपत आलं होतं, कारण तंबूंतही डिस्क आणि प्रोजेक्टर आले होते. गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. दर दिवाळीला दादा पुण्याहून आला की बॅटरी लावून चालू करायचा. मग ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचं पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या खालच्या अंगाला पाणी शिरणं नवीन नाही, पण त्या वेळी ते परसात येऊन थांबलं नाही. गाडीच्या खिडक्यांच्या काठापर्यंत चढलं आणि काही दिवस तिथेच राहिलं. ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर जाड, गुळगुळीत गाळ. भंगारवाला त्याच आठवड्यात दारात आला. आईनं त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

दुरुस्ती करायची हे ठरलं तेव्हा आम्ही चौघं होतो. दादा, त्याचा मुलगा, मी आणि आई. वहिनी सुरुवातीला बाजूला होती, नंतर कुशनच्या कामात आली ती शेवटपर्यंत. दादा उत्पादन अभियंता, म्हणून मोजमापं त्याच्याकडे. मी बँकेतून निवृत्त झालेली, गावातच राहणारी, म्हणून रोजचं येणं-जाणं, हिशेब आणि मिस्त्रींशी बोलणं माझ्याकडे. मिस्त्री शिवाजी उद्यमनगरातले. कोल्हापूरच्या या वसाहतीत शेतीच्या ऑइल इंजिनांवर कारागिरांच्या पिढ्या घडल्या आहेत. तिथे एखादा सुटा भाग मिळाला नाही म्हणून कुणी हात टेकत नाही. नमुना दाखवा, संध्याकाळपर्यंत लेथवरून उतरतो. जुनी गाडी उभी करायची असेल तर अशा गावात राहणं ही मोठी अनुकूलता आहे, असं माझं ठाम मत आहे.

गाडी खोलायला घेतली तशी पहिली अडचण आली ती नट-बोल्टांची. एका फियाटमधून किती बारीकसारीक वस्तू निघतात याची कल्पना खोलल्याशिवाय येत नाही. दारांचे बिजागर, काच वर-खाली करायच्या यंत्रणेच्या कड्या, पुढच्या तिकोनी काचांचे रबर, स्टिअरिंगवरच्या गिअरच्या सळया आणि त्यांची बुशं. दादानं प्लास्टिकच्या पिशव्या आणि स्टिकर आणले होते. आईनं माळ्यावरून रिळांचे रिकामे डबे काढायला लावले. डबे पुरात माळ्यावर होते म्हणून कोरडे राहिले होते. प्रत्येक डब्याच्या झाकणावर तिनं आकडा घातला, आत काय आहे ते लिहिलं, आणि एक नियम केला. जे शेवटी निघालं ते डब्यात सगळ्यांत वर.

"दाखवून झालेलं रीळ शेवटच्या टोकानं बाहेर येतं," ती म्हणाली. "तसंच आहे हे. लावताना उलटं गुंडाळायचं."

मिस्त्रींच्या पोरांनी आधी हे हसण्यावारी नेलं. पुढे डाव्या दाराचं कुलूप जोडायची वेळ आली तेव्हा त्यांनीच विचारलं, "आजीचा अकरा नंबरचा डबा कुठं हाय?"

पत्र्याचं काम सर्वांत लांबलं, आणि ते लांबायलाच हवं होतं. या फियाटला वेगळी चेसी नसते. तळ, खालच्या पट्ट्या, खांब, छत यांचा मिळून एकच सांगाडा आणि त्याच्या पत्र्यातच सगळी ताकद. त्यामुळे तळ गंजला तर वरून लांबी भरून, रंग मारून भागत नाही. बाहेरून गाडी चकचकीत दिसेल आणि वळणावर दार आपोआप उघडेल. आमच्या गाडीच्या पायाखालच्या भागात हात घातला की जमीन लागत होती. दारांखालच्या दोन्ही पेट्या आतून भुसभुशीत झाल्या होत्या. कुजकं कापायच्या आधी मिस्त्रींनी दारांच्या चौकटींत आडवे-तिरके अँगल वेल्ड करून घेतले. खालचा आधार काढला की वरचा सांगाडा मधे बसतो आणि मग नवीन तळ कितीही चांगला केला तरी दारं लागत नाहीत, हे त्यांनी माझ्या हाताला धरून एकेका फटीत बोट घालायला लावून समजावलं. जुन्या तळावर कंपनीनं दाबून काढलेल्या खोल रेघा होत्या. रेघांनी पत्रा ताठ राहतो. सपाट सीआर पत्रा टाकला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं, पण मिस्त्रींनी लाकडाचा साचा करून वीस गेजच्या पत्र्यावर तशाच रेघा ठोकून काढल्या. मग सीओटू वेल्डिंगनं थोडं इथं, थोडं तिथं असं टाके घालत तळ बसवला. एकाच जागी सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून वाकतो. ते काम मी तासन्‌तास पाहत बसे. माणूस इतक्या निगुतीनं असं काही करतो, जे पुन्हा कधी कुणाच्या नजरेला पडणार नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जुलै २०२१मध्ये पुन्हा पूर आला. सांगाडा तेव्हा उद्यमनगरात होता आणि डबे माळ्यावर, त्यामुळे या वेळी गाडीला पाणी लागलं नाही. घराला लागलं.

इंजिनाची गोष्ट वेगळी. पुराच्या वेळी तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व उघडा राहिला असावा. हेड उतरवल्यावर त्याच सिलिंडरमध्ये गाळ आणि पिस्टनच्या रिंगांच्या उंचीवर गंजाचं कडं होतं. डिझेल ओतून मुरू द्यायचं, पुलीला पाना लावून जराशी हालचाल करून बघायची, परत ओतायचं. पिस्टन सुटले, पण भिंती खराब झाल्या होत्या. बोअर मारावा तर ब्लॉक आधीच शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत पोचलेला. आप्पांनी पेट्यांची ओझी वाहत दोनदा इंजिन करून घेतलं होतं, त्याच्या पावत्या घरात होत्याच. मग चारही सिलिंडरांत नवे लायनर दाबून बसवले आणि ते मूळ मापाला, ६८ मिलिमीटरला, आणले. ६८चा बोअर, ७५चा स्ट्रोक, चार सिलिंडर, म्हणजे १०८९ सीसी. कुर्ल्याहून निघाली तेव्हाचं माप. दादानं लेथशॉपमध्ये प्रत्येक बोअरला वर, मधे, खाली आणि दोन दिशांनी डायल गेज लावून आकडे लिहून घेतले, तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. एवढा खूश तो त्याच्या नोकरीतल्या बढतीलाही झाला नव्हता.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं तेल पाण्यात मिसळून दुधाळ झालं होतं. चारही चाकांच्या ड्रममध्ये गाळ सुकून विटेसारखा बसला होता. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, किंगपिन, क्लच प्लेट असे भाग मात्र मिळत गेले. त्याचं कारण मुंबईची टॅक्सी. पद्मिनी या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बनत होती आणि काळी-पिवळी म्हणून मुंबईत हजारोंनी धावत होती. तिचे आणि डिलाइटचे आतले कितीतरी भाग एकमेकांना चालतात. टॅक्सीवाल्यांसाठी दुकानदारांनी माल ठेवला आणि त्यावर आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या जगल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी आणि पुतण्या यादी घेऊन दुकान दुकान फिरलो. पुण्यात दादानं नाना पेठ पालथी घातली आणि बुधवार-रविवारचा जुना बाजारही. जे डिलाइटचंच होतं, म्हणजे पुढची जाळी, बाजूच्या चकचकीत पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, ते शोधायला वेळ लागला. एक काच तर शेवटपर्यंत मिळाली नाही. ती पुतण्यानं साचा करून ओतली. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी चालवणं बंद झालं, कारण टॅक्सीला ठरवून दिलेली वीस वर्षं शेवटच्या गाडीचीही पूर्ण झाली. त्यानंतर कुर्ल्याला गेलो तेव्हा नेहमीच्या दुकानात फियाटचा माल मागच्या फळीवर गेला होता आणि पुढे दुसरंच काही लागलं होतं. ज्यांच्या घरी फियाट उभी आहे त्यांनी ब्रेकचे रबर आणि वॉटर पंप आत्ताच घेऊन ठेवावेत, हे मी भेटेल त्याला सांगते.

आमच्यात मतभेद झाले ते रंगावरून आणि पाट्यावरून.

डॅशबोर्ड काढल्यावर त्याच्या मागे फिकट निळसर करडा रंग निघाला. तो कंपनीचा. त्यावर पिस्ता. सगळ्यांत वर पांढरा, १९९८ साली मारलेला. पुतण्याचं म्हणणं, गाडी कंपनीतून निघाली तशीच करायची. त्याच्या डोक्यात केंद्र सरकारचे २०२१चे नियम होते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. दादाला गाडी आप्पांच्या हातात होती तशी हवी होती, पिस्ता रंगाची, जादा पाट्यासकट. तो म्हणाला, कंपनीचा करडा रंग आमच्यापैकी कुणी पाहिलासुद्धा नाही, तो सांगलीच्या डॉक्टरांच्या घरचा. मी दादाच्या बाजूची होते. लोहाराच्या हातोड्याच्या खुणा असलेला तो पाटा मला सगळ्या गाडीत आप्पांच्या सर्वांत जवळचा वाटत होता. त्यांच्या कामाचं वजन त्यात मोजून ठेवलेलं होतं.

बोलणं बराच वेळ चाललं. आई कुशनवाल्यासाठी रेक्झिनवर खडूनं शिलाईच्या रेघा मारत होती. ती मधेच म्हणाली, "पाटा काढा."

दादा म्हणाला, "आई, तो आप्पांनी घातलाय."

"पेट्यांसाठी घातला. आता पेट्या आहेत का?"

मग तिनं जे सांगितलं ते आम्हाला नवीन होतं. मोठ्या जत्रांना आप्पा तिला बरोबर नेत, हे माहीत होतं. आम्ही आजीजवळ राहायचो. आम्हाला वाटे, ती फिरायला जाते. ती तंबूच्या मागे, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तुटलेली रिळं जोडत बसायची, कारण जुन्या प्रिंटा रोज तुटत आणि तंबूवाल्यांकडे जोडणारं कुणी नसे. मागची सीट पेट्यांनी भरलेली म्हणून ती पुढे, आणि तिच्याही पायाखाली एक पेटी. येताना पेट्या तिथेच उतरलेल्या असत. गाडी हलकी, जादा पाट्यावर उडणारी, आणि रात्रभर जागून ती पाय दुमडून बसलेली. १९८४ साली तिच्या कमरेतली चकती सरकली. डॉक्टरांनी धक्के टाळा म्हणून सांगितलं. घरी आम्हाला सांगितलं गेलं की कमरेत उसण भरली आहे.

"ते म्हणाले होते, पाटा काढतो," आई म्हणाली. "मीच नको म्हटलं. पेट्या कमी झाल्या असत्या. तेव्हा वजन होतं, म्हणून सोसला. आता कशाला?"

दादानं विचारलं, "आणि रंग?"

"पिस्ता. तो मी सांगितलेला आहे. तंबूच्या मागं रात्री अंधार. करडी गाडी सापडायची नाही. रंगाची पट्टी घेऊन मीच गेले होते पेंटरकडं."

पुतण्या मूळचा हट्टी, पण त्यानं त्यानंतर करड्या रंगाचं नाव काढलं नाही. व्हिंटेज नोंदणीचा विचारही आईच्या एका प्रश्नावर बाजूला पडला. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची. "म्हणजे भाजीला नाही न्यायची?" आईनं विचारलं. नाही. मग नको.

मला त्या दिवसापासून आमच्या सगळ्या कामाकडे वेगळं पाहावं लागलं. आम्ही आप्पांची गाडी परत उभी करतो आहोत, असं आम्ही नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मिस्त्रींना सांगत आलो होतो. ज्या बाईनं रंग निवडला, ज्या बाईच्या कमरेवर त्या कमानी चालल्या, जिच्या जोडांवर तंबूतला पडदा उजळत राहिला, ती त्या वाक्यात कुठेच नव्हती. चुलते, मामा यायचे आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, वडिलांचं नाव राखलंस. दादा पुढे पुढे त्यांना म्हणू लागला, आईची गाडी आहे, तिला विचारा. काही जण हसून आईकडे बघायचे. आई त्यांना डबे दाखवायची.

पाटे उतरवले त्या दिवशी मिस्त्रींनी ते हातात तोलून पाहिले. "लोखंड झकास हाय. कोयता करा ह्याचा, पिढ्यान्‌पिढ्या धार जानार न्हाई." दादा दोन्ही पाटे पुण्याला घेऊन गेला, आणि त्याला आईनं आडकाठी केली नाही. कमानी नव्या बुशांवर बसल्या, गाडी पहिल्यांदा रिकामी असूनही सरळ उभी राहिली. मागून बघताना मला ती ओळखू येईना. मग पिस्ता रंग चढला. प्रायमर, वॉटर पेपरनं घासणं, परत हात, परत घासणं. या घासण्यात आम्ही सगळे होतो. पाण्यात हात घालून, कागद लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून, एकाच दिशेनं. पेंटर डोळे मिटून तळहात फिरवून खोलगट जागा सांगायचा. डोळ्यांना न दिसणारी खळगी तळव्याला कळते, हे मी त्याच्याकडून शिकले. थिनरचा वास आल्यावर आई म्हणाली, सिमेंटला असाच वास यायचा, आणि तिनं नाक धरलं नाही.

वायरिंगचा सबंध जुडगा आईनंच जुन्याचा नमुना समोर ठेवून गुंडाळला. ऑटो इलेक्ट्रिशियननं वायरी कापून, रंग लावून दिल्या. ती कापडी टेपचे वेढे अर्ध्यावर अर्धा चढवत एका लयीत घालत गेली. तिच्या वयाला डोळे साथ देत नाहीत, बोटं देतात. इलेक्ट्रिशियननं ते पाहून तिला त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जीपचं काम विचारलं. तो खरोखरच विचारत होता. आईनं मजुरी किती हे विचारून घेतलं आणि ते कामही केलं.

कागदपत्रांचं काम मी केलं. गाडीच्या नोंदणीवर आप्पांचंच नाव होतं आणि क्रमांक १९८९पूर्वीचा, एमएच सुरू होण्याआधीचा तीन अक्षरी. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. त्याबरोबर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. नोंदणीचं नूतनीकरण वेगळं, त्याला फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, थकलेलं शुल्क आणि जुन्या गाडीचा पर्यावरण कर. दादानं आणि मी हरकत नसल्याचं लिहून दिलं. वारस म्हणून अर्ज आईच्या नावानं गेला. गाडी नावावर असायला गाडी चालवता यावी लागत नाही, लायसन लागत नाही, पण हे कार्यालयाच्या आवारातल्या निदान तीन माणसांनी मला परत परत विचारलं. तपासणीला गाडी पुतण्यानं नेली. निरीक्षकांनी हॉर्न, दिवे, वायपर, हँडब्रेक पाहिले, चेसी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून ठसा घेतला आणि मग त्यांना स्टिअरिंगवरचा गिअर टाकून बघायचा होता. त्यांचे वडील कधी काळी फियाट टॅक्सी चालवत. त्यांनी आवारातच दोन फेऱ्या मारल्या.

दसऱ्याला कोल्हापुरात गाड्यांच्या पूजेचं मोठं अप्रूप. छत्रपतींची जुनी मेबॅक त्या दिवशी दसरा चौकात येते आणि लोक ती बघायला उभे राहतात. आमची फियाट त्याच दिवशी आईच्या नावानं पहिल्यांदा गल्लीबाहेर पडली. दादा चालवत होता, आई शेजारी, वहिनी, मी आणि पुतण्या मागे. वाशी नाक्याच्या पुढे रस्ता उखडलेला होता. मी खड्ड्याची वाट बघत सीटला धरून बसले होते. गाडी खाली गेली, वर आली, आणि थांबली. पूर्वी ती तीनदा उडाली असती. आईनं पाय लांब केले होते. ती म्हणाली, "गिअर बदलताना डावीकडं जरा खरखरतंय. बुश बघायला सांग." खरंच खरखरत होतं. उद्यमनगरात दुसऱ्याच दिवशी पितळेचं नवं बुश काढून घेतलं.

आता यंदाच्या पुसेगावच्या यात्रेला जायचं आहे. तिथे तंबू अजून लागतात की नाही ते आईला बघायचं आहे, आणि तिनं रिळांची ती जुनी वहीही बरोबर घेतली आहे, कारण एका तंबूवाल्याकडे तीन रिळं राहिल्याची नोंद तिच्यात आहे. दादाचं म्हणणं, महामार्गानं सातारा, कोरेगाव करत जावं. आई म्हणते, महामार्गावर ट्रक फार, कऱ्हाडवरून आत शिरायचं, पुसेसावळी, औंध करत. मिस्त्रींचं म्हणणं, कुठल्याही रस्त्यानं जावा, पण निघायच्या आधी रेडिएटरचा खालचा होज बदला आणि मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकची हवा परत एकदा काढून घ्या.